अमेरिकेच्या आधीचा ‘द’

इंग्रजीतल्या त्या ‘द’चं नाव काढू नका राजेहो, अजूनही माह्यं डोकं फिरते.

कापसाचे भाव मातीत गेलते, तवाची गोष्ट. राळेगावजवळच्या आमच्या गावात अमेरिकेचा एक पाहुणा कापूस पाहाले आला. संग आपल्या सरकारचा एक साहेब. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाष्या मीच. वच्छलाकाकूच्या वावरात सारे जमलो. काकूनं वावराच्या कडेले धुऱ्यावर चूल मांडून पाहुण्यासाठी गंजात चहा ठेवलता.

तिनं पाहुण्याले सरळच विचारलं, "तुमचं सरकार तुमच्या कापसाले पैसा पुरवते, म्हणून आमचा भाव पडते. खरं हाये का?"

मी इंग्रजीत सुरू केलं, "गव्हर्न्मेंट ऑफ युनायटेड स्टेट्स..."

साहेब मधातच ओरडला, "मास्तर, ‘द’ युनायटेड स्टेट्स! इंडियाला ‘द’ लागत नाही, त्यांना लागतो. पोरांना हेच शिकवता?"

पाहुणा हसला. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी पुन्हा तोंड उघडलं, तर साहेब म्हणे, "राहू द्या आता, उशीर होतोय."

काकूनं मले विचारलं, "काय उत्तर देलं जी त्यायनं?"

"काहीच नाही, काकू. त्यायच्या देशाच्या नावाआधी ‘द’ लावा, म्हणे."

काकूनं उकळत्या चहाचा गंज उचलला अन् चुलीतच उपडा केला.

"साहेबाले सांगा," ती म्हणे, "तो ‘द’च पिऊन जा म्हणा."