नदीतलं दुकान

मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत माझ्या पुढे एक बहीण-भाऊ होते. भाऊ मोबाइलवर सारखं काहीतरी पुसत होता.

"दादा, इथे तरी ठेव ना तो फोन."

"लोक ऐकतच नाहीत गं. सगळ्यांनी मिळून फुकटात नकाशा करायचा, आणि हे त्यात दुकानाच्या जाहिराती चिकटवणार. कुणीतरी साफ करायला नको?"

"अण्णांनीही टाकलं होतं दुकान. तुझ्याच नकाशावर."

"आपलं पंखेदुरुस्तीचं? मला नाही कधी दिसलं!"

"गेल्या वर्षी. एका बोटानं टाइप करत बसले होते. नावाच्या जागी लिहिलं, 'एक नंबर दुरुस्ती, एकदा याल तर पुन्हा याल.' त्यात बोट सरकलं आणि दुकान गेलं नदीत. मी हसले, तर म्हणतात कसे, असू दे, दादाला बरोबर सापडेल."

"नदीत?"

"अगदी मधोमध. पण कुणीतरी ते पुसलं. अण्णांनी परत टाकलं, त्यानं परत पुसलं. तिसऱ्यांदा दमच दिला, आता टाकलंत तर खातं बंद करू."

"मग?"

"घाबरले रे. अख्खी दुपार बसून त्याला उत्तर लिहिलं."

"'साहेब, चुकलो,' असं?"

"हो. 'साहेब, चुकलो. माझा मुलगाही हेच काम करतो...'"

"'...कृपा करून त्याला कळवू नका.'"

"अरे, तुला कसं माहीत?"

"चला, पुढचे कोण? या. मयताचे कोण तुम्ही?"