दोनशे पंचावन्न फूट पाणी

तुम्हाला खोटं वाटेल, पण ऐन दुष्काळात नांदूरघाटजवळच्या आमच्या पाणी सोसायटीच्या विहिरीत दोनशे पंचावन्न फूट पाणी होतं. विहीर साठ फुटांची, पाणी मोजणारा प्रोग्राम माझा.

चेअरमन बप्पांचा फोन आला, "मोटार कोरडी ओढायलीय अन् तुझ्या आकड्यापायी टँकर मिळंना. कावून असं?"

मोटारीच्या पाइपाच्या तोंडापासून वर पाणी मोजायचं, ते उणे कशाला होईल, म्हणून मी प्रोग्रामच्या अ‍ॅरेत, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांत, शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे बसतील असं केलं होतं. पाणी तोंडाखाली फूटभर गेलं, शून्यातून एक वजा झाला आणि उण्याला जागाच नसल्यानं आकडा मीटरसारखा उलटा फिरून थेट शेवटच्या दोनशे पंचावन्नवर जाऊन बसला.

बप्पांना म्हणालो, "त्याला शून्याच्या खाली जाता येत नाही."

बप्पा म्हणाले, "मग आपुन कसं गेलो, बाबा?"