सशिणीसाठी गाजराचा केक

डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या विद्यापीठाजवळच्या बेकरीत बेकरीवाली बिर्थे क्रीमची पिशवी हातात धरून केकवर नाव घालायला थांबली होती. समोरची सिग्ने आणि तिचा प्रयोगशाळेतला सोबती आस्गेर काही गप्प बसेनात.

“प्रयोग जमला की केक द्यायचा, मान्य. पण सशिणीच्या नावाने?” आस्गेर म्हणाला.

“मग कोणाच्या? पेशीतल्या पंपाचं काम करणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसलंय की नाही, हे विकतची एकही अँटिबॉडी सांगेना. शेवटी सरांनी फ्रीझरमधून या सशिणीच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीची जुनी कुपी दिली. पहिल्याच खेपेला चाचणीच्या कागदावर स्पष्ट पट्टी उमटली!”

“शेवटची कुपी होती ना ती?”

“शेवटचीच. नसती तर माझा प्रबंध बुडालाच होता.”

“अगं, पण ती सशीण तर कधीच मेली. निदान गाजराचा केक तरी घ्यायचास.”

“गाजराचाच आहे.”

“धन्य आहेस!”

“नाव काय घालू?” बिर्थेने विचारलं.

“नाव नव्हतं तिला. नंबर होता.”

“नंबर मी वाढदिवसालाच घालते. नाव सांगा.”

सिग्ने केकवर वाकली.

“मग नुसतं लिहा, ‘तुझे उपकार आहेत गं.’”