दुसऱ्या आवाजाचा नवस

...अन् वरून मास्तर मलाच म्हणतात, "बाई, छोटं आहे, भिऊ नका!" छोटं? तुम्हाला सांगते, एवढंसं गाणं! पानात मीठ-लिंबू वाढून होईस्तोवर संपेल एवढं. निर्जळी सोमवार हसत काढणारी मी, पण त्या गाण्यानं मला पार मेटाकुटीस आणलं!

तुम्ही म्हणाल, कायले गेली मग? नवस बोलले होते हो! आमची बेबी विषमज्वरानं मिशनच्या दवाखान्यात पडलेली. घरचे देव सगळे पाण्यात ठेवून झाले होते. खाटेपुढच्या भिंतीवर क्रुसावरचा त्यांचा देव दिसला, मी हात जोडले, "तुझ्या दारी पोरगी उठून बसली, तर तुझ्यापुढं गाईन." अन् सकाळी पोरगी उठून भाकर मागायला लागली! आता बोललेलं फिरवलं अन् ताप पुन्हा आला तर?... पण मला काय माहीत, तिथं आपलं आपण गायचं नसते! नाताळाला म्हणे सगळ्यांनी मिळून गायचं, अन् शिकवणार कोण, तर नागोराव मास्तर. मिशनच्या शाळेत शिकवतात, त्यांच्या देवळात, चर्चमध्ये, पेटी वाजवतात, अन् उरलेल्या वेळात माझ्यावर ओरडतात.

"शब्द मराठी आहेत, बाई. चाल जर्मनीची, अडीचशे वर्षांची."

मी म्हटलं, "म्हातारं झालं म्हणून इतकं हळू चालते का?"

मास्तर हसले नाहीत. हवेत पोळी लाटल्यासारखा हात फिरवत म्हणाले, "लय संथ ठेवा. पुढं ओढू नका." अहो, संथ म्हणजे किती? एका शब्दावर बसले की माझी तुरीची डाळ शिजेल, पण मास्तर उठायचे नाहीत! आपलं भजन म्हणजे उतारावरची बंडी, एकदा सुटली की बैलालाही आवरत नाही. अन् इथं बंडी उभी, बैल उभे, मीही उभी!

बरं, पट्टी तरी? "गळ्याला सोसेल अशी धरा ना," म्हटलं. "लिहिली आहे ती धरायची!" पहिला आवाज दवाखान्यातल्या नर्सपोरींचा, तो आढ्याला जाऊन चिकटलेला. मला दिला दुसरा आवाज, त्यांच्या खालचा. एवढंसं गाणं, अन् त्यात माझ्या वाट्याला एकच सूर! बाकीच्या जिना चढतात, उतरतात, मी आपली एकाच पायरीवर. माझी भजनातली जोडीदारीण विमलताई खास गंमत पाहायला यायची. म्हणे, "काव बाई, तू गाऊन राह्यली का दळण दळून राह्यली?"

अन् सगळे वेगवेगळं म्हणतात हो! एक शब्द टाकते, दुसरी तो मागून उचलते, गडीमाणसं खालून तिसरंच काढतात. आमच्या घरी याला भांडण म्हणतात!

शेवटी मी विचारलंच, "मास्तर, देवाचा जन्म ना हा? रामनवमीला आम्ही पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो. तुम्ही काहून पोरगी सासरी धाडल्यासारखं गाता?"

मास्तर पहिल्यांदा हळू बोलले. "रडणं नाही ते, बाई. पाळण्यातलं लेकरू पाह्यलं, अन् त्यानं पुढं काय काय सोसायचं ते आईले आत्ताच दिसून राह्यलं."

खाटेवरची बेबी डोळ्यांपुढं आली... पण म्हणून इतकं हळू?

नाताळाचा दिवस. देऊळ भरलेलं, मागच्या बाकावर आमचे हे हाताची घडी घालून. अर्ध्यापर्यंत, खरं सांगते, मी पायरी सोडली नाही. मग बेबीला पाहिलं. पहिल्या रांगेत बसून डुलत होती, गालांवर रंग चढलेला. अन् काय झालं कोण जाणे, माझी टाळी पडली! एक पडली की दुसरी थांबते का? मागून विमलताईनं पिशवीतून टाळ काढले! नर्सपोरी माझ्या चालीमागं पळाल्या, गडीमाणसं धापा टाकत मागं, पेटीवरून मास्तर ओरडतात, "हळू! अहो, हळू!" एवढंसं गाणं, ते आणखी एवढंसं झालं! मी सगळ्यांच्या आधी संपवलं अन् सवयीनं जयजयकारही करून टाकला. कोणाचा, ते देवालाच ठाऊक.

हे म्हणाले, "सगळ्यायच्या पह्यले तूच पोचली."

नवस फिटला का बाटला? मास्तरांनी तोंड फिरवलं. मी धावत पाद्रीबाबांकडं. "बाबा, इतरांचं संपलं नव्हतं. माझं गाणं देवाला पोचलं का? पोरीला काही होणार नाही ना?"

ते शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्यात नवस नसतो. देवानं पोर बरी केली, बदल्यात तो काही मागत नाही."

मागत नाही! अहो, हे आधी सांगायला काय झालं होतं?

आता तुम्हीच सांगा. मागणारा असता, तर नारळ फोडून मोकळी झाले असते. मागतच नाही म्हटल्यावर फेडायचं तरी कसं?... चला, उठते बाई. मास्तरांनी ईस्टरची तालीम धरली आहे, अन् दुसरा आवाज अजून माझाच आहे.