टाक्यातली अंडी

तामसीहून आदिलाबादला निघालेल्या बसमध्ये प्रतिभाच्या पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. म्हातारीच्या मांडीवर पाण्याने भरलेली बरणी होती. पाण्यात जलपर्णीच्या मुळ्या आणि मुळ्यांना चिकटलेली माशांची अंडी.

“अक्का, झाकन काऊन लावलं? बाबा तं ओला फडका बांदत होते.”

“बाबा टाक्यापाशी बाजच टाकून बसत होते रे देवानंद. मोठे मासे अंडे खाऊन टाकतात म्हनून मुळ्यायसकट काढाचे अन् रांजनात ठेवाचे.”

“अन् मी जवळ गेलो का ओरडाचे.”

“तू हात बुडवत होता. मले तं बोलावून दाखवत होते. म्हनत, ‘जयवंता, अंड्यायले डोळे आले पाह्य. तुह्याकडंच पाहून राह्यले.’”

“मले कदीच नाई दाखवलं.”

म्हातारीने झाकण काढलं आणि बरणी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

“बाबाचं घर घेनारा उद्या टाकं बुजवून राह्यला. आता हे तुह्याच अंगनात.”

“अन् तू?”

“मले उद्या मंचेरियलची गाडी हाये. सुवर्णा वाट पाहून राह्यली. लेकीपाशीच राहाचं आता.”

“पिल्लं निंगतवर राह्य ना.”

“चार दिवसात निंगतीन ते. मंग?”

“मंग मोठे होतवर राह्य.”

बस आदिलाबादच्या स्टँडवर थांबली. प्रतिभा उठली. पुढची दोघं तशीच बसून होती.

“सुवर्णाले काय सांगू?”

“फोन लाव. मी सांगतो.”