स्टेजवर घेतलेलं नाव

(नारिनच्या वाटेवरचं एक गाव. अंगणात राहुटी उभारली आहे. आत मयत आणि बायका, दाराशी कमरेला पट्टा बांधलेला एशिम. फाटकापाशी माहेरची गाडी, समोर मयताचा भाऊ ताबिल्डी.)

ताबिल्डी : तो पट्टा सोडा. मेलेलीचा नवरा बांधतो तो.

एशिम : सकाळी फोनवर रडलास की, "दाजी, ताई कशी गेली?" म्हणून. दुपारपर्यंत मी दाजी उरलो नाही?

ताबिल्डी : सकाळी मला ठाऊक नव्हतं. वाटेत पेट्रोलपंपावर कळलं. तिथला माणूस हसत सांगत होता, तुमच्या गावच्या एका म्हाताऱ्याने बायकोला स्टेजवर तलाक दिला, लोक पोट धरून हसले.

एशिम : नाटक होतं ते. नवरा-बायको म्हातारपणी वेगळे होतात, मुलं घाबरून धावत येतात, शेवटी चहाच्या किटलीवरून भांडता भांडता दोघं एक होतात.

ताबिल्डी : नाटकातल्या बायकोचं नाव काय?

एशिम : सालकिन.

ताबिल्डी : आणि तुम्ही काय म्हणालात?

दामिरा : मी सांगते. सांस्कृतिक भवन मी चालवते, नाटक मीच बसवलं. ऐन वेळी काका नाव विसरले. समोर बायकोच्या कामात बुरुलकाकूच होत्या, मग...

ताबिल्डी : मग "बुरुल, तलाक, तलाक, तलाक." चाळीस वर्षं "बायबिचे", घरधनीण, म्हणून हाक मारली. एकदाही नाव घेतलं नाही. घेतलं ते यासाठी.

एशिम : आमच्यात कोण घेतं बायकोचं नाव? तू घेतोस?

ताबिल्डी : मी तलाकही देत नाही. थट्टेतला तलाकही लागतो, हे शेंबड्या पोराला कळतं.

एशिम : मुल्ला म्हणाला, शंका नको, निकाह पुन्हा वाचून घ्या. घटकाभराचं काम.

ताबिल्डी : वाचला?

दामिरा : काकांना दोष देऊ नका. काकूच नको म्हणाल्या. आमचा प्रयोग नारिनच्या स्पर्धेत जायचाय. मीच म्हटलं, खरं नाव राहू द्या, लोक तिथेच जास्त हसतात. तर काकू म्हणाल्या, "मग मुल्लाला दर खेपेला कशाला दमवायचं? नारिन होऊ दे, एकदाच वाचू. तोवर मी बाहेरच्या खोलीत झोपते. म्हातारा घोरतोच."

ताबिल्डी : बाहेरच्या खोलीत.

दामिरा : थट्टेत म्हणाल्या हो.

ताबिल्डी : आणि झोपली कुठे?

एशिम : दामिरा, तू गप्प बस.

ताबिल्डी : बोलू दे तिला, खरं बोलतेय. ताई कुठे गेली, एशिम?

एशिम : बाहेरच्या खोलीत. सकाळी मी चहा घेऊन गेलो.

ताबिल्डी : म्हणजे तिने तलाक मानला, आणि तलाकातच गेली. झालं. लग्न तुटलं की बाईचं हाड माहेरचं; आम्ही नेतो, आमच्याकडे पुरतो.

एशिम : टेकडीवर कबरीला आमची जागा धरलीय. दोघांची. तिथले दगड तिनेच वेचले.

ताबिल्डी : तुमची राहू द्या. शेजारी दुसरी नटी मिळेल.

दामिरा : मयताच्या दारात असं बोलू नये.

ताबिल्डी : बाई, नारिनला सालकिन कोण करणार?

दामिरा : ते आत्ता कशाला?

ताबिल्डी : विचारलं असेल ना कुणाला?

दामिरा : शाळेतल्या एका बाईंना. सकाळी. स्पर्धेतून नाव मागे घ्यायला आजचाच शेवटचा दिवस होता, म्हणून.

एशिम : सकाळी?

दामिरा : काका, मला वाटलं, तुम्हालाही बरं वाटेल. काम असलं की माणूस सावरतो.

एशिम : ताबिल्डी, मूठभर माती तरी टाकू दे.

ताबिल्डी : या की. सगळं गाव येईल. पण आमच्या दाराशी उभं राहायचं नाही, "माझी बायको" म्हणून हंबरडा फोडायचा नाही. शेजारीपाजारी नाव घेऊन रडतात, तसं रडा. आता बाजूला व्हा, उचलायचंय.

दामिरा : काका, पट्टा माझ्याकडे द्या. चला, त्यांनी उचललं. जाताना नाव घेऊन हाक तरी मारा.

एशिम : नाव घेतलं की पुढचा शब्द आपोआप येतो, पोरी. तालमी तशाच झाल्यात. नुसतं नाव घ्यायचं राहूनच गेलं.