भट्टीला चिकटवलेल्या शिक्क्याबाबत

भाजली माझी सून आणि कागदावर गुन्हेगार म्हणून नावही तिचंच. हे कुणी घातलं ते आधी सांगा, मग माझं नाव लिहा.

म्हाळसाबाई सिदू वाघमोडे, वय आधार कार्डावर सत्तर, खरं त्याहून जास्त असंल. धंदा कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणे. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी, सून विजयमाला आणि नात अंकिता अशा तिघी भाकरी करतो. मोठी गॅसभट्टी गेल्या पाडव्याला हॉटेलसामानाचा दुकानदार प्रभुलिंग याच्याकडून घेतली. आयएसआयचा शिक्का असलेलीच पाहिजे, असं विजयमालानं त्याला बजावलं होतं. त्यानं भट्टीवरचा शिक्का बोटानं दाखवला आणि वर म्हणाला, "आज्जी, तुमचं फूड लायसनबी भिंतीवर हाय की. दोन-दोन नंबर हाईत, आता काळजी कशाची?" फूड लायसन खाणं विकणाऱ्याचं असतं, भट्टीचं नसतं, हे मला आता कळलं. त्याला तेव्हाही माहीत असणार, दुकान तो चालवतो.

खंडेनवमीला पूजेसाठी विजयमालानं भट्टी चिंचेच्या पाण्यानं घासली. शिक्का सुटून तिच्या हातात आला. तिनं लगेच प्रभुलिंगला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी आणि अंकिता तिथंच होतो. तो म्हणाला, "वैनी, उष्णतेनं निघतो तो. चिकटवा परत, न्हायतर तपासणीवाले तुमालाच धरतील." तिनं कणकेची खळ करून शिक्का होता तिथं बसवला. वर हळदकुंकू वाहिलं.

सोमवारी सकाळी विजयमालानं भट्टी पेटवली. कॉकच्या मागून जाळ आला. तिचा उजवा हात आणि गळा भाजला. अंकितानं टाकी बंद केली, मी पाणी ओतलं. दवाखान्यात विजयमालानं विचारलं, तव्यावरची भाकरी उलटली का. बाकीचं लिहू नका.

आता प्रभुलिंग म्हणतो, शिक्का बायकांनीच बाजारातून आणून लावला, मागं खळ सापडली. खळ आमचीच आहे. शिक्का त्याचा आहे. भट्टी आणली त्या दिवशी त्यानं स्वतः नारळ फोडला आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तो अंकिताच्या मोबाइलमध्ये आहे. त्याचं पोट निम्म्या भट्टीवर आलंय, तरी शिक्का आणि खालचा नंबर दिसतो. तोच नंबर आजही भट्टीवर आहे. असा नंबर सरकारी ॲपवर घातला की कारखाना कुठला आणि माल कसला ते कळतं. अंकितानं काल घातला, तर तो पाण्याच्या मोटारी करणाऱ्या कारखान्याचा निघाला. हवालदारसाहेबांनी आत्ता दोनदा घालून पाहिला, दोन्ही वेळा मोटारच आली.

"मग घेतानाच का नाही बघितलं, आज्जी?" असं साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "तुमी हेल्मेट घेताना नंबर घालून बघितला व्हता का?" साहेबांनी टेबलावरचं हेल्मेट उलटं करून त्यावरचा शिक्का शोधला. ते तसंच लिहावं.

लिहिलेलं सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एके ठिकाणी "सुनेच्या निष्काळजीपणामुळे" असं आलं होतं. ते मी बोलले नव्हते, माझ्यासमोर खोडायला लावलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे आणि खालचा अंगठा माझा आहे. इथून पुढं जे विचारायचं ते प्रभुलिंगला इथं बसवून विचारा, उत्तर त्यानं द्यायचं. विजयमालाच्या खाटेपाशी कुणी कागद घेऊन जायचं नाही.